काळ्या पाषाणाच्या खाली

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला दगड म्हटलं की काळाच आठवतो. गडाचे बुरूज काळे, लेण्यांच्या भिंती काळ्या, घाटातला कडा काळा, घरातला पाटा-वरवंटा काळा, आणि गावाच्या वेशीवरचा मारुतीही शेंदराखाली काळाच. यात नवल नाही. राज्याचा सुमारे ऐंशी टक्के भूभाग बेसॉल्टने, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याने झाकलेला आहे. पण हा लाव्हा पसरला त्याच्या आधीही इथे जमीन होती, टेकड्या होत्या, नद्या होत्या, आणि त्या जमिनीचे स्वतःचे खडक होते. राज्याच्या बहुतेक भागात ते आज पायाखाली खोल गाडलेले आहेत. ते बघायचे तर बेसॉल्ट जिथे संपतो त्या काठावर जावं लागतं. कोल्हापूरहून आग्नेयेला निघालं की तो काठ काही तासांत लागतो.

कोल्हापूर, खिद्रापूर, गोकाक, रामदुर्ग, बदामी, इलकल, हंपी, संडूर अशी ती वाट. या वाटेने लोक देवळं बघायला जातात. देवळं मीही बघितली, पण मला बघायचा होता तो त्यांचा दगड, आणि तो दगड कसा झाला हे. जसजशी पुढे गेले तसतसं एक मनाशी पक्कं होत गेलं. इथले कारागीर थोर होतेच, पण कुठे लेणं होईल, कुठे खांब होईल आणि कुठे नाजूक जाळी होईल, हे त्यांच्या आधी कोट्यवधी वर्षं दगडाने ठरवून ठेवलं होतं.

गाडीवर गडहिंग्लजचे मामा होते. सीमाभागातले, त्यामुळे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने बोलणारे. आणि माझं भाग्य असं की त्यांचे वडील पाथरवट. जाती, पाटे, उखळं घडवायचे. मामांनीही लहानपणी छिन्नी-हातोडा धरला होता. दगड हातात आला की ते आधी त्यावर दुसरा दगड आपटून आवाज ऐकत. "खणखणीत वाजला तर घडीव, ताई. बद्द वाजला तर आत कुठंतरी चीर हाय समजायचं." दगडांवरची पुस्तकं मी वाचली होती, कानाने दगड ओळखायला त्यांच्याकडून शिकले.

पहिला मुक्काम पन्हाळा तालुक्यातल्या बांदिवडे गावाजवळ. तिथे बेसॉल्टचे खांब उभे आहेत. कुणी कापून रचावेत तसे पाच-सहा बाजूंचे, कडा स्पष्ट, एकमेकांना चिकटून ओळीने उभे. मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल ज्यांनी बघितला असेल त्यांना ते लगेच ओळखू येतील. यात माणसाचा हात नाही. लाव्ह्याचा जाड थर थिजतो तेव्हा तो आकसतो, आणि सगळीकडून सारखाच आकसायला लागला की त्याला तडे जातात. सारखं आकसणाऱ्या पृष्ठभागावर तड्यांची सर्वांत सोयीची मांडणी षटकोनाच्या जवळ जाणारी असते. थर वरून आणि खालून थंड होत आत जातो, तसे तडेही त्याच्याबरोबर आत उतरतात, आणि शेवटी खांब उरतात.

हा लाव्हा आला कुठून? सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड अजून विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. आज हिंदी महासागरात रेयुनियन बेट आहे, तिथल्या तप्त भागावरून तो तेव्हा चालला होता. पृथ्वीच्या पोटातला खडक अतिशय तापलेला असतो, पण वरच्या भारामुळे घनच राहतो. तो वर सरकू लागला की भार कमी होतो आणि त्याचा काही भाग वितळतो. हा वितळलेला शिलारस जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून बाहेर आला. त्यात सिलिका कमी, तापमान हजार-अकराशे अंश सेल्सियसच्या पुढे, त्यामुळे तो पातळ. शंकूसारखा डोंगर न रचता दूरवर पसरत गेला. एक थर थिजला की त्यावर दुसरा. यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतच बाहेर पडला असं आता मानलं जातं. आज त्याने व्यापलेला प्रदेश सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे, आणि झिजून गेलेला भाग धरला तर तो मुळात याहून बराच मोठा होता.

घाटातून जाताना काळ्या थरांच्या मधून लाल पट्टा गेलेला दिसतो, तो अवश्य थांबून बघावा. एक थर थिजल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला असेल तर पहिल्याच्या पृष्ठभागाची माती होते. मग वरून नवा लाव्हा येतो आणि ती माती भाजून निघते. असा लाल पट्टा म्हणजे मधल्या विश्रांतीची खूण. थरांच्या वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांनी छिद्रं पडतात आणि पुढे पाण्याबरोबर आलेल्या खनिजांनी ती भरतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हन्साइट असंच पोकळ्यांत वाढलेलं आहे, आणि ते जगभरच्या खनिज-संग्रहांत मानाने ठेवलं जातं. आपल्या रस्त्यांच्या खडीतून असली रत्नं रोज फुटून जात असतील, हे मनात आलं की हळहळ वाटते.

बांदिवड्याहून पन्हाळ्यावर गेलं की दगडाचा रंगच बदलतो. गडाच्या माथ्यावर जांभा आहे; तांबूस, भोकाभोकांचा, कोकणातल्या घरांच्या चिऱ्यांसारखा. जांभा बेसॉल्टचाच आहे, फक्त फार काळ भिजलेला आणि फार काळ वाळलेला. भरपूर पाऊस आणि मग कडक कोरडा हंगाम, असं चक्र लाखो वर्षं चाललं की पाणी खडकातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम विरघळवून नेतं. मागे उरतात लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. लोह हवेशी संयोग पावून लाल होतं आणि सगळं घट्ट बांधून ठेवतं. अ‍ॅल्युमिनियम जास्त उरलं तर त्याला बॉक्साइट म्हणतात, आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या सह्याद्रीतल्या पठारांवर ते आहे. जांभ्याचा विशेष असा की जमिनीत ओलसर असताना तो कापायला सोपा आणि उन्हावाऱ्यात आला की टणक होतो. म्हणून तर चिरा खाणीतच कापून घेतात.

खिद्रापूर शिरोळ तालुक्याच्या अगदी टोकाला, कृष्णेच्या काठी आहे, पलीकडे कर्नाटक. बाराव्या शतकात शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वर मंदिर काळ्या बेसॉल्टचं आहे. त्याचा स्वर्गमंडप 48 खांबांचा, मधोमध छतच नाही, गोल आकाश उघडं. मी तिथे बराच वेळ खांबांना हात लावत फिरले. कातून काढावेत तसे गोल, गुळगुळीत कंगोरे, आणि भिंतीवरच्या मूर्तींच्या बोटांतल्या अंगठ्याही दिसाव्यात इतकं बारीक काम. हे शक्य झालं कारण जमिनीवर पसरलेला लाव्हा भरभर थंड झाला. त्यातल्या स्फटिकांना वाढायला वेळच मिळाला नाही. ते इतके बारीक राहिले की साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. अशा दगडाचा कण आड येत नाही; छिन्नी जिथे नेली तिथे रेघ उमटते. मामांनी एका खांबाजवळ उभं राहून नुसती मान हलवली आणि म्हणाले, "ह्यो दगड घणाचा न्हवं, टाकीचा. माझा बा असता तर इथनं हाललाच नसता." मला त्यांच्या वडिलांचं पाटे टाकणं आठवलं नाही, कारण मी ते बघितलं नव्हतं, पण "टाकीऽऽय" अशी आरोळी देत दारोदार फिरणाऱ्या बाया आठवल्या. झिजून गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकीने पुन्हा खरखरीत करायचं ते काम जवळपास संपलंच आहे.

चिकोडी सोडून पुढे गेलं की काळी माती हळूहळू विरळ होते. गोकाकच्या परिसरात बेसॉल्टचा थर संपत येतो आणि त्याच्याखालचा खडक उघडा पडतो. इथे घटप्रभा नदी एका सरळसोट कड्यावरून 52 मीटर खाली उडी घेते. धबधबा बघायला पावसाळ्यानंतर लगेच जावं. नंतर धार रोडावते, पण मग कडा नीट दिसतो, आणि मला कडाच बघायचा होता. फिकट तांबूस, आडव्या थरांचा, अतिशय टणक. हा वालुकाश्म. नदीने तो कापायला किती काळ घेतला असेल ते दरीकडे बघून कळतं, आणि तरीही तो कड्याच्या धारेवर तसाच ताठ उभा आहे. गोकाकला गेलात तर तिथलं कर्दंट घ्यायला विसरू नका. डिंक आणि सुक्या मेव्याची ती वडी प्रवासात फार उपयोगी पडते.

लाव्ह्याच्या प्रदेशातून वाळूच्या प्रदेशात आलो, हे माझ्या शरीराला जाणवत होतं. शेतं तांबडी झाली, टेकड्यांचे माथे सपाट झाले, बांधांवर चपट्या फरश्या दिसू लागल्या. भूशास्त्रात या सगळ्या थरांना कलादगी म्हणतात, बागलकोटजवळच्या गावावरून. ही एक जुनी खोलगट जमीन होती. तिच्यात नद्यांनी आणि उथळ समुद्राने वाळू, चिखल, चुना आणून भरला. भरणाऱ्या गाळाचं वजन वाढत गेलं तशी जमीन आणखी खचली, आणखी गाळ मावला. खालच्या वाळूवर वरचा भार आला, कणांमधलं पाणी निघून गेलं, आणि त्या पाण्यातल्याच सिलिकेने कणांना एकमेकांशी जोडलं. इतकं सगळं झाल्यावर वाळू खडक होते. हे जमिनीवर प्राणी किंवा झाडं येण्याच्या कितीतरी आधीचं आहे; म्हणून या वालुकाश्मात शिंपले, हाडं, पानं शोधून उपयोग नाही. लोकापूर-बागलकोटकडे या थरांत चुनखडक आणि डोलोमाइट आहेत, त्यांत मात्र जीवसृष्टीची एक खूण आढळते: सूक्ष्मजीवांच्या पातळ थरांनी गाळ धरून ठेवत रचलेल्या पडद्यांच्या राशी, ज्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. बागलकोटचा सिमेंट उद्योग उभा राहिला तो याच चुनखडकावर. चुनखडक ओळखायला सौम्य आम्लाचा एक थेंब पुरतो, तो फसफसतो. डोलोमाइट असेल तर आधी खरवडून भुकटी करावी लागते.

रामदुर्ग एके काळी भावे घराण्याचं संस्थान होतं. मराठी माणसाला तिथे जुने धागे सापडतात. मी गेले ते मात्र त्याच्या जवळच्या एका कड्यासाठी. तिथे खालचे थर तिरपे उभे आहेत आणि त्यांच्या कापलेल्या टोकांवर वरचे थर आडवे पसरले आहेत. दिसायला एवढंच. पण याचा अर्थ लावायला बसलं की डोकं गरगरतं. खालची वाळू आधी साचली. तिचा खडक झाला. मग भूकवचाच्या हालचालींनी ते थर वाकले, उचलले गेले. मग ऊनपावसाने ते झिजून सपाट झाले. मग ती जमीन पुन्हा खाली गेली, आणि तिच्यावर नव्याने वाळू येऊन बसली. त्या वाळूचाही खडक झाला. दोन्हींच्या मधल्या रेषेवर बोट ठेवलं तर बोटाच्या जाडीत एक आख्खी पर्वतरांग उभी राहून नाहीशी झाल्याचा काळ मावतो. स्कॉटलंडच्या समुद्रकाठी 1788 मध्ये जेम्स हटनने अशीच एक रेषा बघितली, आणि पृथ्वीचं वय काही हजार वर्षांचं नसून कल्पनेपलीकडचं आहे हे त्याला त्यावरून दाखवता आलं. आपल्या इतक्या जवळ तेच दृश्य आहे, आणि त्याच्या शेजारून गाड्या थांबतही नाहीत. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या सहली सोडल्या तर इथे कोणी येत नाही. तिथे एक साधी पाटी लावायला हवी असं मला फार वाटतं.

बदामी. अगस्त्य तलाव, दोन्ही बाजूंना तांबडे कडे, आणि दक्षिणेच्या कड्यात चार लेणी. तिसऱ्या लेण्यात शके 500 चा, म्हणजे इसवी सन 578 चा शिलालेख आहे. दख्खनमधल्या लेण्यांत इतकी नेमकी तारीख क्वचित मिळते. पहिल्या लेण्याच्या दारातला अठरा हातांचा नटराज आणि तिसऱ्यातला शेषावर बसलेला विष्णू यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी लोकांना भिंतीकडे बघायला सांगेन. मूर्तींच्या अंगावरून, खांबांवरून, छतावरून जांभळट, तांबड्या, पिवळट रेघा वाहत गेलेल्या दिसतात. काही ठिकाणी त्या सरळ आहेत आणि काही ठिकाणी तिरप्या होऊन एकमेकींना छेदतात. या तिरप्या रेघा म्हणजे नदीच्या पात्रातले वाळूचे उंचवटे. वाहतं पाणी वाळूचा कण उंचवट्याच्या पाठीवरून नेतं आणि पुढच्या उतारावर टाकतं. उतारावर असे थर तिरपे साचत जातात. थर ज्या दिशेला कलला त्या दिशेला पाणी वाहत होतं. एका खांबापाशी मी हात आडवा धरून ती दिशा मामांना दाखवली. ते म्हणाले, "म्हंजी ह्या देवळाच्या आत नदी हाय की!" याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

तांबडा रंग लोहाचा. कणांभोवती गंजाचा अगदी पातळ लेप बसलेला असतो. आणि कण कशाचे आहेत ते भिंगातून बघितलं तर बहुतेक सगळे गारेचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे. इथेच या सगळ्या प्रवासाची गाठ होती, म्हणून ती जरा उलगडून सांगते. ग्रॅनाइटसारखा खडक ऊनपावसात सडतो तेव्हा त्यातलं फेल्डस्पार मऊ होऊन माती होते आणि वाहून जाते, अभ्रक मोडतं, पण गार टिकते. ती पाण्याने मरत नाही. नदी तिला लोळवत नेते, कण गोल करते, आणि शेवटी कुठेतरी खोलगट जागी सोडते. म्हणजे बदामीचा कडा हा आधीच्या, त्याहून कितीतरी जुन्या ग्रॅनाइट-नाइसांच्या डोंगरांचा उरलेला चुरा आहे. तसे खडक पुढे दिसणार होते.

पण त्याआधी, बदामीत लेणीच का झाली? वालुकाश्म आडव्या थरांचा असतो. एक थर मऊ, एक टणक. टणक थर छत म्हणून ठेवायचा आणि खालचा पोखरत जायचं. खडक बेसॉल्टपेक्षा मऊ, एकसारख्या दाण्याचा, हव्या त्या दिशेने कोरता येणारा. सरळ उभ्या भेगांमुळे कडे सपाट तुटलेले, त्यामुळे दर्शनी भिंत आयती मिळते. पुढच्या काळात चालुक्यांनी जवळच ऐहोळे आणि पट्टदकलला बांधीव देवळं उभारली तीही याच दगडाच्या चिऱ्यांतून. ऐहोळेच्या टेकडीवरच्या मेगुती मंदिरात 634 सालचा रविकीर्तीचा शिलालेख आहे. दुसऱ्या पुलकेशीच्या त्या प्रशस्तीत तीन महाराष्ट्रांचा उल्लेख येतो, म्हणून तो आपल्या इतिहासालाही जवळचा. आणि टेकडीवरून खाली बघितलं की त्याच वालुकाश्माचा सपाट माथा दूरवर पसरलेला दिसतो.

जेवायला खानावळीत ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, दही. हे जेवण सोलापूर-विजापूरच्या माणसाला परकं वाटणार नाही.

इलकल आपल्याला साडीमुळे माहीत. आमच्या घरी तिला इरकल म्हणत. पण या गावाची दुसरी ओळख गुलाबी-तांबड्या ग्रॅनाइटची आहे. खाणीत कापलेले ठोकळे रस्त्याकडेला रचलेले असतात, आणि बंगल्यांच्या पायऱ्यांपासून परदेशातल्या इमारतींपर्यंत हा दगड गेलेला आहे. मी एका ठोकळ्याच्या कापलेल्या बाजूवर भिंग धरलं. गुलाबी फेल्डस्पार, काचेसारखी करडी गार, काळ्या अभ्रकाचे चकचकीत पापुद्रे. सगळे स्फटिक नखाएवढे, एकमेकांत घट्ट अडकलेले. आपल्या कोल्हापूरकडे हे समजायला एक साधी गोष्ट आहे. गुऱ्हाळात पाक घोटून पटकन थंड केला की गूळ बारीक दाण्याचा होतो. तोच साखरेचा पाक न हलवता हळूहळू थंड होऊ दिला की खडीसाखर होते, मोठमोठ्या स्फटिकांची. बेसॉल्ट आणि ग्रॅनाइट यांत रासायनिक घडणीचा फरक आहेच. ग्रॅनाइटमध्ये सिलिका बरीच जास्त, सत्तर टक्क्यांच्या आसपास, आणि बेसॉल्टमध्ये पन्नासच्या आसपास. पण दाण्याचा फरक आहे तो निव्वळ वेळेचा. बेसॉल्ट उघड्या हवेत थिजला. ग्रॅनाइट जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल, वरच्या खडकांच्या पांघरुणात राहून लाखो वर्षांच्या धीराने थिजला. तो आज उघड्यावर दिसतो याचा अर्थ त्याच्यावरचे ते सगळे किलोमीटर झिजून गेले. त्यांचीच वाळू कुठे कुठे वालुकाश्म झाली.

कुष्टगी मागे टाकून होस्पेटच्या दिशेने जाताना क्षितिजावर दगडांच्या राशी उगवू लागतात. हंपीला पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटतं की कुणीतरी हे गोटे आणून एकावर एक रचले. पलीकडच्या आनेगुंदीला किष्किंधा मानतात, आणि वाली-सुग्रीवांच्या युद्धात फेकलेल्या या शिळा आहेत असं लोक सांगतात. मातंग टेकडीवर चढून बघितलं की ही कथा का सुचली ते पटतं. पण एकही गोटा बाहेरून आलेला नाही. सुमारे 250 कोटी वर्षांच्या या ग्रॅनाइटवरचा भार झिजून कमी झाला तसा तो फुगला आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. जणू चौकोनी ठोकळ्यांत विभागला गेला. पाणी त्या भेगांत शिरलं आणि जमिनीखालीच ठोकळे सडू लागले. कोपऱ्यांवर पाणी तीन बाजूंनी येतं म्हणून कोपरे आधी गेले, कडा नंतर, आणि मधला गाभा गोल होऊन शिल्लक राहिला. मग भोवतालची भुसभुशीत माती पावसाने नेली आणि गोटे जिथल्या तिथे, एकमेकांवर टेकलेले, उघडे पडले. काही जागी अर्धवट काम अजून चालू आहे: गोट्याच्या अंगावरून पापुद्रा सुटून आलेला असतो, तो हाताने हलतो.

विजयनगरच्या कारागिरांना हा दगड मिळाला. ग्रॅनाइट टणक, दाणे मोठे. खिद्रापूरसारखी अंगठी कोरायला गेलं तर फेल्डस्पारचा एक दाणाच निघून येतो. पण त्याला सरळ भेगा असतात आणि तो सरळ फुटतो. म्हणून इथे लांबलचक खांब, तुळया, छताच्या शिळा, प्रचंड भिंती. शिळांवर ओळीने पाडलेली चौकोनी भोकं जागोजागी दिसतात. त्यांत सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकून पाणी घालायचे, लाकूड फुगलं की शिळा त्या रेषेत दुभंगायची, असं सांगतात. मामा एका अशा अर्ध्या फुटलेल्या शिळेपाशी बसून भोकांमधलं अंतर विती-बोटांनी मोजत राहिले. मूर्ती हवी असेल तेव्हा आख्खा गोटाच घेतला: 1528 चा उग्र नरसिंह 6.7 मीटर उंच, एकाच शिळेतला. आणि नाजूक, गजबजलेलं काम हवं असलेले गोपुरांचे वरचे मजले दगडाचे केलेच नाहीत. ते विटा आणि चुन्याचे आहेत. दगडाचं ऐकणं म्हणतात ते हे.

विठ्ठल मंदिरात मराठी माणूस थोडा जास्त थांबतो. पंढरपूरची विठ्ठलमूर्ती कृष्णदेवरायाने इथे आणली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, अशी आपली परंपरा सांगते. दगडी रथासमोर उभ्या असलेल्या सोलापूरकडच्या एका आजींनी रथाच्या चाकाला हात लावून नमस्कार केला आणि शेजारच्या नातीला ही कथा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

राजवाड्याच्या आवारातली पायऱ्यांची पुष्करणी बघितल्यावर मी अडखळले, कारण तिचा दगड ग्रॅनाइट नाही. काळसर, सपाट, धारदार कडांचा, इतका नेटका कापलेला की सांधा दिसत नाही. प्रत्येक दगडावर तो कुठल्या बाजूला, कितव्या ओळीत बसवायचा याच्या खुणा कोरलेल्या आहेत. म्हणजे दगड दुसरीकडे घडवून इथे आणून जोडले. हा शिस्ट. लाव्हा किंवा चिखलाचे थर भूकवचाच्या हालचालींत खोल दाबले गेले, तापले, पण वितळले नाहीत. त्या दाबाखाली जुनी खनिजं मोडली, नवी तयार झाली, आणि नवी सगळी दाबाला आडवी, पापुद्र्यांसारखी मांडली गेली. रूपांतरित खडक म्हणतात ते हे. म्हणून तो पातळ, सरळ सुटतो, आणि म्हणून त्याच्या पायऱ्या अशा रेखीव होतात. मला या जागी विशेष आनंद झाला तो यासाठी की बेसॉल्टसारख्या लाव्ह्याचं पुढे काय होऊ शकतं ते इथे हाताला लागतं.

शिस्टचं घर होस्पेटच्या दक्षिणेला, संडूरच्या डोंगरांत आहे. संडूर हे घोरपड्यांचं मराठा संस्थान होतं आणि 1949 पर्यंत टिकलं. गावात मराठी आडनावं अजून भेटतात. डोंगर हिरवे, माती गडद तांबडी, आणि रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक. कुमारस्वामीचं जुनं देऊळ याच डोंगरांत आहे. इथले खडक हंपीच्या ग्रॅनाइटहूनही जुने, सुमारे 270 कोटी वर्षांपूर्वीचे. समुद्रतळावर लाव्हा पसरला, त्यावर चिखल बसला, आणि समुद्राच्या पाण्यातून लोह खाली उतरलं. त्या काळी हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, म्हणून लोह समुद्रात विरघळून राहत असे. सूक्ष्मजीव ऑक्सिजन सोडू लागले तसं ते गंजून तळाशी बसू लागलं; कधी लोह, कधी सिलिका, असे एकाआड एक पट्टे. रस्त्याच्या कापणीत मी त्या पट्ट्यांचा एक तुकडा उचलला. काळपट, लाल, पुन्हा काळपट. बोटभर जाडीत कित्येक पट्टे, आणि हाताला अपेक्षेपेक्षा जड. मामांनी त्यावर दगड आपटला. आवाज खणखणीत होता.

ज्यांना एवढ्या लांब यायचं नसेल त्यांनी उलट्या दिशेने, आंबोली घाटाने सह्याद्री उतरून जावं. रेडीच्या खाणीत आणि गोव्यात डिचोली-सांगेच्या टेकड्यांत याच जातीचे पट्टेदार लोहखडक आहेत, फक्त वर जांभ्याची जाड टोपी चढलेली. बेसॉल्ट तिथे वरच्या घाटातच संपतो. भिंग दहापट दाखवणारं घ्यावं, आम्लाची छोटी बाटली नीट बुचाची असावी, आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या मधे जावं, म्हणजे कडे धुतलेले असतात आणि ऊन सोसवतं. लेण्यांच्या आणि देवळांच्या दगडावर मात्र हातोडी कधीही चालवू नये. रस्त्याच्या कापणीत तोच खडक ताजा फुटलेला मिळतो.